खाट, बाज आणि पलंग : नेरे-पनवेल परिसराच्या संदर्भात शय्येच्या चौकटीचा इतिहास

प्रस्तावना

मराठी घराच्या भौतिक संस्कृतीचा विचार करताना जाते, उखळ, चूल, वाडा, तुळशीवृंदावन यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष लवकर जाते. खाटेकडे मात्र एक बिनमहत्त्वाची वस्तू म्हणून पाहिले जाते. खाट देवघरात नसते, अंगणात मिरवत नाही आणि मोडली की तिचे लाकूड सरपणात जाते. असे असले तरी कोणत्या लाकडाची, किती जाडीची, कोणत्या सांध्याची आणि किती उंचीची खाट निवडावी हा प्रश्न प्रत्येक पिढीतील कुटुंबाला पडत आला आहे. त्याच्या उत्तरात जंगलाचा कायदा, सुताराचे कसब, हवामान आणि रोगराई या सर्वांचा वाटा आहे. प्रस्तुत लेखात पनवेल तालुक्यातील नेरे आणि त्याच्या आसपासचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून शय्येच्या चौकटीचा हा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मजबूत खाट म्हणजे जाड लाकडाची खाट, हा सर्वसाधारण समज कितपत टिकतो, हे त्या अनुषंगाने तपासले आहे.

नेरे हे गाव पनवेलच्या पूर्वेस, माथेरान-प्रबळगडाच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर वसले आहे. गाढी नदीचे हे खोरे भाताचे. खाली आगरी, कराडी, कुणबी यांची गावे आणि वर डोंगराच्या कुशीत ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या अशी येथील वस्तीची जुनी रचना आहे. पावसाळ्याचे चार महिने जमीन ओली, हवा दमट आणि भिंतीला ओल. त्यानंतर मार्च ते मे कोरडी उष्णता. लाकडी चौकटीची परीक्षा पाहण्यास याहून कठोर हवामान शोधावे लागणार नाही.

शब्द आणि शास्त्र

‘खाट’ हा शब्द संस्कृत ‘खट्वा’वरून आणि ‘पलंग’ हा ‘पर्यंक’ किंवा ‘पल्यंक’ यावरून आला. ‘मंचक’ हा शब्द दरबारी आणि धार्मिक भाषेत राहिला. ‘बाज’ हा मात्र पूर्णपणे घरगुती शब्द आहे. काथ्याने किंवा सुंभाने विणलेली, हलकी, उचलून अंगणात नेता येईल अशी खाट म्हणजे बाज. पुढे ‘कॉट’ हा इंग्रजी शब्द इस्पितळ, वसतिगृह आणि रेल्वे वसाहत यांच्यामार्फत मराठीत स्थिरावला. भाषेच्या प्रवासात एक वर्तुळ येथे पूर्ण होते, कारण इंग्रजीतील हा शब्द मुळात हिंदुस्थानातल्या ‘खाट’वरूनच गेलेला आहे.

शय्येच्या लाकडाची चर्चा आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त शय्या आणि आसन यांच्या लक्षणांचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात शय्येस योग्य अशा वृक्षांची यादी दिली आहे. तीत शाक म्हणजे साग, काश्मरी म्हणजे शिवण, तिंदुकी म्हणजे टेंभुर्णी, हरिद्र म्हणजे हेद असे वृक्ष येतात. हे चारही वृक्ष सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वाढतात, ही बाब लक्षणीय आहे. वीज पडलेले, वाऱ्याने उन्मळलेले, मधमाश्यांचे पोळे किंवा पक्ष्यांची घरटी असलेले, शेंड्याकडे वाळलेले, वेलींनी वेढलेले आणि स्मशानातील झाड वर्ज्य मानले आहे. यातील शुभाशुभाचा भाग बाजूला ठेवला, तरी शेंड्याला वाळलेले झाड आतून किडलेले असू शकते आणि उन्मळलेल्या झाडाच्या तंतूंत न दिसणारी चीर असू शकते, हे कोणताही जाणता सुतार आजही सांगेल. लाकडातील गाठी आणि छिद्रे यांना तेथे कोलाक्ष, सूकरनयन, वत्सनाभ अशी नावे आहेत. रानडुकराच्या डोळ्यासारखी गाठ असे म्हणणारा मनुष्य ग्रंथात बसून लिहीत नव्हता, त्याने फळी हातात धरली असली पाहिजे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

त्याच अध्यायात मापांची उतरंडही आहे. राजाच्या शय्येची लांबी शंभर अंगुळे, राजपुत्राची ९०, मंत्र्याची ८४, सेनापतीची ७८ आणि पुरोहिताची ७२. माणसाची उंची पदाप्रमाणे बदलत नाही. शय्येची लांबी मात्र बदलते. खाट ही झोपेची सोय होण्यापूर्वीच प्रतिष्ठेची खूण झाली होती, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? सामान्य रयतेचे माप त्या उतरंडीत नाही. आणि मराठी म्हणही अंथरूण पाहून पाय पसरायला सांगते, खाट पाहून नव्हे. म्हण ज्यांनी घडवली त्यांच्या घरात अंथरूण होते, ते भुईवर होते.

एक घनफूट लाकूड

पुरुषभर लांबीच्या साध्या विणलेल्या खाटेला किती लाकूड लागते, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तीन इंच चौरस आणि दीड फूट उंचीचे चार खूर; सहा फूट लांबीची, तीन इंच रुंद व दोन इंच जाड अशी दोन लांब लाकडे, ज्यांना ‘गात’ असेही म्हणतात; आणि त्याच जाडीची तीन फुटांची दोन आखूड लाकडे. या सर्वांची बेरीज सुमारे १,९४४ घन इंच होते, म्हणजे सव्वा घनफुटाहूनही कमी. याच मापाचा फळ्यांचा पलंग करायचा, तर खूर तेच. बाजूच्या पट्ट्या पाच इंच उंच व दीड इंच जाड. आणि वर एक इंच जाडीच्या फळ्या. ही बेरीज ४,८६० घन इंच, म्हणजे सुमारे २.८ घनफूट. फळ्यांखालच्या आडव्या धिऱ्या वेगळ्याच. विणलेली खाट फळ्यांच्या पलंगाच्या निम्म्याहून कमी लाकडात होते. हा फरक आज किरकोळ वाटेल. पण ज्या काळात सागाच्या एका वाशासाठी रयतेला सरकारदरबारी जाब द्यावा लागे, त्या काळात तो निर्णायक होता.

ब्रिटिश अमदानीत सागाला आरमार, बंदरे आणि पुढे रेल्वे यांची मागणी होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची विभागणी झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलातून राब, सरपण, अवजारांचे लाकूड आणणाऱ्या ठाणे-कुलाबा भागातील शेतकऱ्यांची कोंडी झाली. पनवेल त्यापूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये त्याचे वर्णन येते. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात समाविष्ट झाले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. या भागातील रयतेच्या तक्रारींमुळे सरकारला १८८५ ते १८८७ या काळात मुंबई वन आयोग नेमून चौकशी करावी लागली. प्रश्न मिटला नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रहींना प्राण गमवावे लागले. चिरनेर आणि नेरे यांच्यात फार अंतर नाही. चिरनेरच्या सत्याग्रहाचा विचार बहुधा कायदेभंगाच्या राजकीय चौकटीत होतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या डोंगरावर हाती कोयते-कुऱ्हाडी घेऊन गेलेल्या माणसांच्या घरातील नांगर, दार, खुंटी आणि खाट यांचे लाकूडही त्याच जंगलातून येत होते, हे विसरता येणार नाही.

साग मिळत नसेल तेव्हा लोक ऐन, हेद, किंजळ, फणस, जांभूळ, आंबा यांच्याकडे वळत. या लाकडांचे गुण वेगवेगळे. ऐन जड आणि ताकदवान, पण सुकताना तडकतो. आंब्याची फळी स्वस्त, पण तिला भुंगा आणि वाळवी लवकर लागते. फणसाचे लाकूड रंगाने देखणे आणि कामास सोपे. सागाचे श्रेष्ठत्व त्याच्या ताकदीत नाही. ताकदीने ऐन त्याला मागे टाकतो. साग ओल घेतो आणि सोडतो तेव्हा त्याचे माप फारसे बदलत नाही, आणि त्याच्या गाभ्यातील तेलकट द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा धरत नाही. हा गुणही फक्त गाभ्याचा. सालीलगतचे पांढरे लाकूड सागाचे असले, तरी किडीला तितकेच कच्चे असते. दुकानात ‘सागवानी’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ पलंगांत हे पांढरे लाकूड रंगाखाली झाकलेले असते आणि नावाला फसून ग्राहक दाम मोजतो.

चाकाचा सांधा, खाटेचा सांधा

पनवेलच्या कारागिरीचा इतिहास पाहताना एक महत्त्वाची नोंद समोर येते. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये बैलगाडीची चाके बनवणे हा पनवेलचा प्रमुख उद्योग म्हणून नमूद आहे. घाटावरून माल घेऊन उतरणारा शेतकरी ऐपत असल्यास येथून चाकांची जोडी विकत घेऊन परत जात असे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यानंतर पनवेल हे देश आणि मुंबई यांच्यातील उताराचे ठाणे बनले होते. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली आणि कर्जतमार्गे वाहतूक वळली, तरी चाकांचा हा धंदा टिकून राहिला.

गाडीचे चाक आणि खाट यांचा संबंध दूरचा वाटतो. प्रत्यक्षात तो अगदी जवळचा आहे. चाकाच्या तुंब्यात आरे बसवताना आऱ्याच्या टोकाला कुसू काढतात आणि तुंब्याला पाडलेल्या खाचेत ते ठोकून बसवतात. खाटेच्या खुरात आडवे लाकूड बसते तेही कुसू आणि खाच यांच्याच जोडीने. फरक इतकाच, की चाकाला वरून लोखंडी धाव तापवून चढवतात. ती थंड होऊन आकसते आणि सगळे सांधे आवळून धरते. खाटेला धाव नसते. रोज वळणारा, बसणारा, उठणारा माणूस तिच्या सांध्यांना आडवे हिसके देत राहतो. खाट सरळ वजनाने सहसा मोडत नाही. ती डगमगून मोडते. चार माणसे बसली तरी खुरावर येणारा उभा भार लाकडाच्या ताकदीच्या मानाने थोडा असतो. आडव्या हिसक्याने मात्र कुसू खाचेत झिजते, सांधा सैल होतो आणि अखेर कुसवाच्या मुळाशी लाकूड फुटते.

कोकणच्या हवामानाने ही झीज वाढते. पावसाळ्यात कुसू फुगते, खाचेच्या भिंतीवर दाबले जाते आणि त्या दाबाने त्याचे तंतू चेपतात. उन्हाळ्यात ते सुकून आकसते तेव्हा पूर्वीच्या मापापेक्षाही बारीक होते. जुनी खाट श्रावणात गप्प आणि वैशाखात कुरकुरणारी असते, त्याचे कारण हेच. म्हणून जाणता सुतार कुसवासाठी पूर्ण सुकलेले लाकूड घेई आणि खूर किंचित ओलसर ठेवी. खूर पुढे सुकताना आपोआप कुसवाला धरतो. त्यावर लाकडी मेख किंवा पाचर. खिळा मात्र चांगला सुतार अशा सांध्यात टाळतो, कारण लोखंड गंजून आजूबाजूचे लाकूड कुजवते. देशावरील बलुतेदारीइतकी घट्ट व्यवस्था कोकणात नव्हती. तिथेही नांगर-कुळवाची दुरुस्ती बलुत्यात आणि नवी गाडी किंवा घरचे सामान यांची मजुरी वेगळी, असाच व्यवहार असे. खाट त्यामुळे रोखीची किंवा धान्याच्या वेगळ्या मोबदल्याची वस्तू होती. गरीब घरात ती लग्नाच्या वेळी येई किंवा येतच नसे.

विणीचा ताण आणि फळीचा भार

बाजेच्या रचनेत एक युक्ती दडलेली आहे. काथ्याची वीण चारही बाजूंच्या लाकडांना आत ओढते. त्यामुळे आडव्या लाकडांवर मुख्य ओढ उभी नसून आडवी येते, आणि तीच ओढ कुसवांना खाचेत दाबून धरते. चाकाला जे काम धाव करते, ते बाजेला वीण करते. पायगतीकडे ताणाची दोरी वेगळी ठेवलेली असते. झोळ पडू लागला की ती ओढून बाज पुन्हा आवळायची. अशी बाज मुळातच थोडी लवचीक असते. शेणाने सारवलेल्या, उंचसखल भुईवर ती स्वतःला जुळवून घेते आणि चारही खूर टेकतात. फळ्यांचा ताठ पलंग त्याच भुईवर तीन पायांवर उभा राहून चौथा हलवत बसतो. त्याला फरशीच हवी. खेड्यात शहाबादी फरशी, कोबा आणि लाद्या आल्यानंतर पलंग पसरला, या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध आहे असे मानण्यास पुरेशी जागा आहे.

विणीऐवजी फळी आली तेव्हा चौकटीवरील बलाची दिशाच बदलली. आता भार सरळ खाली येतो. अशा वेळी बाजूची पट्टी आडवी नव्हे, तर उभी हवी. तुळईचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट. म्हणून पाच इंच उंच आणि दीड इंच जाड पट्टी तीन इंच चौरस लाकडापेक्षा कमी लाकडात सव्वादोनपटीहून थोडी अधिक ताठ उभी राहते. पेशवाईतील मंचक असोत की एकोणिसाव्या शतकात मुंबईत घडणारे कोरीव शिसवी पलंग असोत, त्यांच्या बाजूंना उंच, सपाट पट्ट्या दिसतात त्या केवळ नक्षीसाठी नव्हेत. याउलट जुन्या बाजेच्या नकलेवर बेतलेली, बारीक आणि गोल बाजूंची चौकट घेऊन तिच्यावर फळ्या ठोकल्या की मध्यभागी ती वाकते.

दुहेरी पलंगाचा प्रश्न याच अंगाने येतो. तीन फुटांवर टेकलेली आडवी पट्टी आणि सहा फुटांवर टेकलेली तीच पट्टी यांच्यात, मधोमध सारखाच भार असता, वाक आठपटीने वाढतो. म्हणून रुंद पलंगाला मधून लांब तुळई आणि तिच्याखाली भुईला टेकणारा पाचवा पाय लागतो. एकत्र कुटुंबात पुरुष ओटीवर, बायका-मुले माजघरात अशी झोपण्याची रीत होती, तोवर हा प्रश्न निर्माण होत नव्हता. तो विभक्त कुटुंबाबरोबर, स्वतंत्र झोपण्याच्या खोलीबरोबर आला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे नवीन पनवेल उभे राहिले. त्या सदनिकांच्या आराखड्यात ‘बेडरूम’ हा शब्द आला तेव्हा पाचवा पायही त्याच्या मागोमाग आला.

भुईवर निजणारे

खाटेकडे चैनीची वस्तू म्हणून पाहण्याची सवय इतकी खोल आहे, की तिचा आरोग्याशी असलेला संबंध सहसा ध्यानात घेतला जात नाही. एका प्रसंगी मात्र परंपरेने तो ओळखला होता. बाळंतिणीला बाज दिली जाई. बाजेखाली शेगडी ठेवून ओवा, शेपा, वावडिंग यांची धुरी आणि शेक दिला जाई. तो मोकळ्या विणीतून वर पोहोचे. कोंडलेल्या खोलीतील धूर आई व बाळ दोघांनाही अपायकारक असल्याने आधुनिक वैद्यक या प्रथेचे समर्थन करत नाही. परंतु ओल्या भुईपासून प्रसूत स्त्रीला उंच ठेवणे हा त्यातील विवेक होता. घरातील पुरुषाच्या वाट्याला एरवी येणारी खाट निदान या दिवसांत तरी स्त्रीच्या वाट्याला येई. मरणाच्या वेळी याच्या उलट: मरणासन्न माणसाला खाटेवरून उतरवून भुईवर घेण्याची रीत, आणि मृत्यूनंतर ब्राह्मणाला शय्यादान.

नेऱ्यासारख्या डोंगरपायथ्याच्या गावांत भुईवर निजणे म्हणजे पावसाळ्यात सर्पदंशाचा धोका पत्करणे होय. मण्यार हा विषारी साप रात्री हिंडतो, उंदीर-पाली-बेडकांच्या मागे घरात शिरतो आणि निजलेल्या माणसाच्या हालचालीने डिवचला जाऊन चावतो. दंश बहुधा इतका सौम्य भासतो की माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटदुखी, जड पापण्या आणि श्वासाचा त्रास सुरू झाल्यावर उलगडा होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशियासाठीच्या मार्गदर्शक सूचनांत भुईवर न निजता उंच खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून निजावे असा सल्ला आहे. रायगड जिल्ह्यातच महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपचाराने जगाचे लक्ष वेधले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कार्याचा गौरव होतो, तो योग्यच आहे. पण औषधाची गरज पडण्यापूर्वीच, भुईपासून दीड फूट वर असलेली चौकट पुष्कळ काम करून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत घरातील वस्तूंच्या यादीत खाट किंवा पलंग याची नोंद केली जाते, ती संपत्तीचा निर्देशांक काढण्यासाठी. तिच्याकडे आरोग्याचे साधन म्हणूनही पाहता येईल.

नेरे हे नाव महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे ते कुष्ठरोग निवारण समितीच्या ‘शांतिवन’मुळे. कुष्ठरोगाच्या संदर्भात शय्येच्या चौकटीचा प्रश्न आणखी गंभीर होतो. या रोगात मज्जातंतू बाधित होऊन हातापायांची संवेदना जाते. दक्षिणेत वेल्लोर येथे काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांना असे आढळले होते, की उपचार घेऊन बऱ्या झालेल्या रुग्णांची बोटे रात्रीतून कुरतडली जात आहेत. वेदना नसल्याने निजलेल्या रुग्णाला उंदीर चावल्याचे कळतच नव्हते. तेव्हा रुग्णांना मांजरे पाळायला देण्यात आली. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ या सर्वत्र रूढ समजाला या निरीक्षणाने धक्का दिला. बोटे रोगाने झडत नव्हती, संवेदना नसल्यामुळे जखमांनी जात होती. अशा माणसासाठी खाट निवडताना लाकडाची जात दुय्यम ठरते. भुईपासूनची उंची, कोपऱ्यांची गोलाई, खिळ्याचे किंवा पत्र्याचे टोक वर नसणे, आणि वाकड्या बोटांनी धरून उठता येईल अशी घट्ट कड, या गोष्टी आधी येतात. डगमगणाऱ्या चौकटीवर हाताचा आधार घेऊन उठणारा निःसंवेद पायाचा माणूस पडला, तर त्याला लागल्याचे त्यालाच कळत नाही. १९८२ पासून बहुविध औषधोपचाराची शिफारस झाली आणि २००५ च्या अखेरीस भारताने राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाच्या दूरीकरणाचे उद्दिष्ट गाठल्याचे जाहीर केले. असे असले तरी ज्यांची संवेदना पूर्वीच गेली आहे, त्यांच्या आयुष्यातला प्रश्न औषधाने मिटत नाही.

लोखंडी कॉट

लाकडी खाटेचा जुना शत्रू ढेकूण. तो सांध्यांच्या फटीत, कुसवाच्या खाचेत आणि विणीच्या गाठीत राहतो. खाट उन्हात टाकणे, सांध्यांत उकळते पाणी ओतणे, रॉकेल सोडणे हे उपाय घरोघर होत. उकळत्या पाण्याने सांधा ढिला होई, हा भाग वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या ग्रंथात रुग्णासाठी लोखंडी खाटेचा पुरस्कार केला. खालून गादीपर्यंत हवा खेळावी, झालर नसावी, रुंदी साडेतीन फुटांहून अधिक नसावी, असे त्यांचे म्हणणे होते. मोकळी हवा, अरुंद चौकट आणि खालून साफ करण्यास वाव ही लक्षणे पाहिली, तर त्यांनी लोखंडात मागितले ते पुष्कळसे आपल्या बाजेत काथ्याने आधीच दिलेले होते. लोखंडाने भर घातली ती ढेकणांच्या बाबतीत. सांधे कमी, फटी कमी.

इस्पितळे, छावण्या, वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांतून लोखंडी कॉट खेड्यात पोहोचली. गोदरेजने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवण्यास सुरुवात केली आणि पोलादी सामानाविषयी मध्यमवर्गात विश्वास निर्माण झाला. पुढे नळी आणि अँगल वळवून कॉट बनवणारी छोटी वर्कशॉपे गावोगाव निघाली. येथे सांध्याची जागा वेल्डिंगने घेतली. चांगले वेल्डिंग लाकडी कुसवापेक्षा कितीतरी ताठ असते. वाईट वेल्डिंग एकाच दिवशी, सूचना न देता सुटते. लाकडी खाट आधी कुरकुरते. पनवेलची खाडी जवळ आणि हवेत क्षार, त्यामुळे गंज हा येथील पोलादाचा स्थायी विकार. तो दिसतो बाहेर, पण खातो आतून: नळीच्या उघड्या तोंडातून ओल आत शिरते आणि रंगाच्या आवरणाखाली भिंत पातळ होत जाते. कॉटच्या पायांना खालून रबरी किंवा प्लॅस्टिकची टोपी बसवलेली असते ती फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून, अशी समजूत आहे. भुईवरची ओल नळीत चढू न देणे हेही तिचे महत्त्वाचे काम. ती हरवली की कॉटचे आयुष्य निम्म्यावर येते, असा जाणकार कारागिरांचा अनुभव आहे.

पेटीपलंग

गेल्या काही दशकांत प्लायवूड, एमडीएफ आणि दाबलेल्या भुशाच्या पाट्यांनी लाकडाची जागा घेतली. त्यामागे शहरी घरांतील जागेची टंचाई आहे, तशीच लाकडाची टंचाईही आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने खाजगी जमिनीवरील झाडे तोडण्यासही परवानगी आवश्यक झाली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाचे ओंडके निर्यात करणे थांबवले. २०१७ च्या आरंभापासून शिसवाच्या संपूर्ण वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. येथे एक घोटाळा नोंदवणे आवश्यक आहे. उत्तरेकडून येणारे ‘शीशम’ आणि आपल्याकडील ‘शिसव’ हे दोन वेगळे वृक्ष आहेत. दोन्ही चांगले, पण दक्षिणेचा शिसव अधिक गर्द आणि दुर्मीळ. दुकानदाराच्या उच्चारात दोन्ही एक होतात आणि किंमत मात्र दुर्मीळाची लागते.

प्लायवूडच्या बाबतीत भारतीय मानक ३०३ आणि ७१० हे दोन क्रमांक ग्राहकाला उपयोगी पडतात. पहिल्यातील साधी जात केवळ दमट हवा सोसते आणि उकळते पाणी सोसणारी जात त्याहून वरची. दुसरे मानक सागरी वापराच्या प्लायवूडचे. नेरे-पनवेलच्या पावसाळ्यात पहिल्यातील साधी जात अपुरी पडते. भुशाच्या पाटीत बसवलेला स्क्रू एकदा काढून पुन्हा लावला की पूर्वीसारखा धरत नाही. भाड्याच्या घरांतून घर बदलणाऱ्या कुटुंबांच्या पलंगांची अवस्था त्यामुळे तिसऱ्या घरी पोहोचेपर्यंत शोचनीय होते. कडेला आवरण नसेल तर ती पाटी पाणी शोषून फुगते आणि सुकल्यावरही मूळ मापावर येत नाही.

पेटीपलंग हा या सर्वांचा संगम. खाली सामान ठेवायची पेटी, वर उचलण्यासाठी दट्ट्या, बाजूंनी जमिनीपर्यंत बंद. जागेच्या दृष्टीने त्याची सोय निर्विवाद आहे. रचनेच्या दृष्टीनेही चार पायांऐवजी पूर्ण कडेवर भार टेकत असल्याने तो डगमगत नाही. पण बाजेपासून नाइटिंगेलपर्यंत ज्या एका गोष्टीवर एकमत होते, ती म्हणजे गादीखालून हवा खेळणे. तीच या रचनेत संपते. जुलै-ऑगस्टमध्ये गादीच्या खालच्या अंगाला येणारी बुरशी आणि पेटीतल्या गोधड्यांचा कुबट वास ही त्याची फळे. काही कारागीर आता वरच्या फळीला भोके पाडतात, पेटीच्या मागील बाजूला जाळी ठेवतात आणि तळ फरशीपासून दोन-तीन इंच उचलून खाली छोटे पाय देतात. सपाट फरशीवर त्या पायांची संख्या सहा किंवा आठ असते, आणि मधल्या पायांना स्क्रूने उंची कमी-जास्त करण्याची सोय असते.